सलामाचं उत्तर

२ जुलै, मंगळवार

पोचलो एकदाचा. फौजदारकी सुटली तरी रोज लिहायची सवय काही सुटत नाही, म्हणून बॅग उघडायच्या आधी वही उघडली. सौदीत दम्मामला विमान उतरलं तेव्हा सकाळ होती. हफ्र अल बातिन मागे टाकून कॅम्पावर आलो तोवर दुपार कलली. वाटेत बघायला काय, तर उंट आणि पेट्रोलपंप. ड्रायव्हर पेशावरचा होता. त्याने रस्ताभर मला क्रिकेटवरून छेडलं आणि मीही त्याला सोडला नाही.

कॅम्प मला आवडला. तारेचं कुंपण, आत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, मधोमध मेस, एका टोकाला नमाजाची खोली, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाक्या. बाहेर नजर जाईल तिथवर वाळू आणि त्यातून जाणारा आमच्या कंपनीचा अर्धवट रस्ता. निम्मे कामगार आपल्या रायगड-रत्नागिरीकडचे आहेत. मेसचे आचारी जलालचाचा श्रीवर्धनचे निघाले. त्यांनी पहिल्याच जेवणाला सुकटीची चटणी वाढली, मग मी इथे कायमचा राहायलाही तयार झालो.

कागदोपत्री मी इथला नवा सिक्युरिटी सुपरवायझर. खरं कारण वेगळं आहे आणि ते फक्त या वहीला ठाऊक असू दे. माझ्या धाकट्या बहिणीचा, फरहानाचा नवरा जुनैद या कॅम्पात स्टोअरकीपर होता. गेल्या उन्हाळ्यापासून त्याचा पत्ता नाही. कंपनीने त्याच्यावर हुरूब लावला. म्हणजे कामगार पळाला असं सरकारला कळवून कंपनी मोकळी झाली. मग त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, त्याला कोणी शोधत नाही, आणि जो त्याला आसरा देईल तोही गुन्हेगार. पण जुनैद मशिदीत जाताना सुद्धा घरात सांगून जाणारा माणूस. मला वाटतं, यान्बूला नाहीतर खमीस मुशैतला जास्त बरं काम मिळालं असणार आणि आता लाजेने फोन करत नाही. सापडला की कान धरून म्हसळ्याला नेतो.

४ जुलै, गुरुवार

लोक कामाला वाघ आहेत पण शिस्त नाही म्हणवत नाही, शिष्टाचार नाही म्हणतो. इथे कोणी कोणाला सलाम करत नाही. समोर आले की उजवा हात छातीवर ठेवतात, मान खाली घालतात, पुढे जातात. तोंडातून अक्षर नाही. नमाजाच्या शेवटी मान वळवून करायचा सलाम सगळे नीट फिरवतात, आणि बाहेर येऊन चपला घालताना मुके होतात.

माझ्या आईने आम्हाला दोन गोष्टी मारून मुटकून शिकवल्या. घरात शिरताना सलाम करायचा, आणि कोणाचा सलाम आला तर तो जमिनीवर पडू द्यायचा नाही. उत्तर देणं वाजिब आहे, टाळता येत नाही. पोलीस ठाण्यात आरोपीने सलाम केला तरी मी आधी उत्तर द्यायचो, मग मुस्काटात. त्यामुळे आज मुद्दाम मेसच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत सलाम ठोकला. काहींनी ओठ हलवले, काहींनी मागे वळून बघितलं. एक जण ताट तसंच ठेवून बाहेर गेला.

अॅडमिन मॅनेजर चंद्रशेखर कुलथे नाशिकचे आहेत. त्यांना विचारलं तर तेही हात छातीवर ठेवून म्हणाले की त्यांना ही आमचीच रीत वाटली, म्हणून त्यांनीही उचलली. हसू आवरेना. माणूस सरळ वाटतो. जुनैदचा विषय मी आडून काढला, तेव्हा मात्र त्यांनी लगेच एसी वाढवला आणि चहा मागवला.

७ जुलै, रविवार

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारची बंदी आहे. त्या वेळात सगळा कॅम्प खोल्यांत शिरतो. माझ्या लक्षात आलं की कुंपणाच्या बाजूच्या खिडक्यांना सगळ्यांनी आतून घोंगड्या ठोकल्या आहेत. उन्हामुळे, असं म्हणतात. पण ऊन तर पलीकडच्या बाजूनेही येतं, तिकडे साधे पडदे आहेत. आणि एसी चालू असताना मोबाइलवर मोठ्याने कव्वाल्या लावतात. झोपायचं असेल तर माणूस गाणी बंद करतो.

चोरी झालेल्या वाडीत पोलीस गेला की सगळे एकदम कामात गढून जातात. तो वास इथे आहे. मी हा वास नोकरीभर घेतलाय.

फरहानाचा फोन आला. ती रडत नाही, त्याचंच वाईट वाटतं. तिला एकच शब्द हवाय. जिवंत असेल तर ती वाट बघेल. नसेल तर इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या मुदतीला, बसेल, दुवा मागेल, लोकांना तोंड देईल. आता ती ना बायको ना विधवा. तिचा मुलगा शारीक मुंब्र्याला मोबाइल दुरुस्त करतो. तो मागून ओरडत होता की मामूंना जमत नसेल तर मी उमऱ्याच्या, मक्केच्या यात्रेच्या व्हिसावर येतो आणि शोधतो. मी त्याला झापलं. एक शोधणारा पुरे.

१० जुलै, बुधवार

आज दुपारी एक बरी गोष्ट घडली. पडल्या पडल्या डोळा लागत होता, तेवढ्यात खिडकीपाशी कोणीतरी सलाम केला. पूर्ण, शब्दन्‌शब्द नीट, "अस्सलामु अलैकुम". आवाज थकलेला, पण माणूस घरंदाज वाटला. मी उशीवरूनच "वालेकुम सलाम" म्हटलं आणि मनात म्हटलं, चला, माझ्या शिकवणीचा एक तरी विद्यार्थी निघाला.

उठून खिडकी उघडली. घोंगडी मी कधीच काढून टाकली होती. बाहेर कुंपण, त्यापलीकडे वाळू. कुंपण आणि खिडकी यांच्यात माणूस मावेल एवढी जागाच नाही.

संध्याकाळी चहा घेताना जलालचाचांना गंमत म्हणून सांगितलं. ते डाळ ढवळत होते. त्यांनी पळी तशीच भांड्यात सोडली. "तुमी जवाब दिलाव?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, न देऊन कसं चालेल, मुसलमान आहे मी. मग त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली भरली आणि हातात दिली. मला तहान नव्हती.

१३ जुलै, शनिवार

तो सलाम रोज येतोय. खिडकीशी, ऑफिसच्या मागे, काल तर गाडीत, मागच्या सीटवरून. दर वेळी मी उत्तर देतो. सवयच आहे, तोंड आधी चालतं आणि भान मागून येतं. काल त्याने पुढेही विचारलं, "बरे हाव?" मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. नंतर गाडी थांबवून बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलो. भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते, पण वाटली.

कोणीतरी टिंगल करतंय असं धरून चाललो. स्पीकर शोधले, पत्र्यामागे हात घालून बघितलं. काही नाही. गेटवरच्या सुदानी अलीला विचारलं तर त्याने हात छातीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता दुसरीकडे गेला.

आता लक्षात येतंय की सगळेच माझ्याकडे बघायचं टाळतात. मेसमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही.

१५ जुलै, सोमवार

आज जलालचाचांना भांडारात गाठलं आणि दार लावून घेतलं. माणसाला बोलतं कसं करायचं ते मला येतं. पण त्यांना बोलतं करायची गरजच पडली नाही. ते तांदळाच्या पोत्यावर बसले आणि आपणहून सांगू लागले.

नदीम नावाचा हेल्पर होता, दापोलीकडचा. सुपरवायझरशी भांडून रागाने पायी निघून गेला. कंपनीने त्याच्यावर हुरूब लावला. राग उतरल्यावर तो परत आला, तेव्हा गेट बंद. कुलथे साहेबांनी सगळ्यांना ताकीद दिली होती की जो याला आत घेईल, याच्याशी बोलेल, त्याचाही इकामा जाईल. भर दुपार होती. नदीम कुंपणाच्या बाहेरून एकेका खिडकीशी थांबला आणि सलाम करत गेला. पाणी मागितलं नाही. सलामाला जवाब मिळाला की मग पाणी मागू, असं त्याला वाटलं असेल. चाचा म्हणाले, कोकणातला पोर, आधी सलाम आणि मग काम.

सगळे जागे होते. सगळ्यांनी ऐकलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं तर तो ऐकला असं झालं असतं. काहींनी मनातल्या मनात दिलं आणि हात छातीवर ठेवला. संध्याकाळी बघितलं तर कुंपणाबाहेर कोणी नव्हतं. तेव्हापासून दुपारचा सलाम येतो. आणि तेव्हापासून इथे कोणी तोंडाने सलाम करत नाही, कारण कुठला माणसाचा आणि कुठला त्याचा हे कळत नाही.

मी जुनैदचं विचारलं. चाचा रडायला लागले. जुनैद नंतर आला होता. त्याला कोणी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी कबूल करायचं. त्याने उत्तर दिलं. मग एक दिवस पाणी घेऊन बाहेर गेला.

मलाही कोणी सांगितलं नाही. मी चाचांना तसं म्हटलं. त्यांनी हात छातीवर ठेवला.

१६ जुलै, मंगळवार

कुलथ्यांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं की जुनैद माझ्या बहिणीचा नवरा आहे, आणि वाळूत शोध घ्यायला पोलिसांना बोलवा. ते पांढरे पडले. म्हणाले, पेवेकर साहेब, तुमच्या भावना मी समजतो, पण केस बंद आहे, कफील, म्हणजे इथला जामीनदार मालक, ऐकणार नाही, आणि उद्या तुमचंच काहीतरी होईल. मी म्हटलं, माझं काय व्हायचं ते झालंय.

ते वाईट नाहीत. त्यांना फक्त आपली फाइल स्वच्छ हवी. नोकरीत असली माणसं मी ढिगाने पाहिली, आणि त्यांच्यामुळे मेलेलीही.

फरहानाला अजून काही सांगितलं नाही. चाचांच्या रडण्यावरून बहिणीला विधवा कसं करू. डोळ्यांनी बघायला हवं. फौजदाराला प्रेत लागतं.

१८ जुलै, गुरुवार

आज सलाम आला नाही तोवर मी जेवलो नाही. मग आला. आवाज दुसरा होता.

"सिराजभाई, सलाम."

मला या नावाने हाक मारणारा इथे कोणी नाही. घरात एकच होता. फरहानाचं लग्न ठरलं त्या दिवसापासून.

दात आवळून बसलो. ओठांवर हात धरला. तरी उत्तर गेलंच, बोटांच्या फटीतून गेलं. मग तो म्हणाला, पानी हाय का. मी रडलो. खूप रडलो.

उद्या जुम्मा, कॅम्प सुट्टीवर. पिकअप घेतो. पाणी घेतो.

१९ जुलै, शुक्रवार

रस्त्याच्या कच्च्या टोकापलीकडे, पाणी जायला बांधलेली मोरी. आवाज पुढे पुढे, मी मागे. त्या मोरीच्या पोटात सावली आहे म्हणून दोघं तिथे —

दोघं आहेत. शेजारी शेजारी, पाठ भिंतीला. एकाच्या अंगावर हेल्परची केशरी बंडी. दुसरा जुनैद. त्याचा पुढचा दात तुटका, लग्नाच्या मांडवात पडला होता. वाळून काष्ठ झालेत. दोघांच्या मधे पाण्याची मोठी बाटली. भरलेली. सील तोडलेलं नाही.

पाणी आणलं होतं त्याने. मग प्यायले का नाहीत —

दोघांसाठी फातिहा पढलो. मोबाइलवर फोटो काढले. परत निघालो तर पिकअप चाकांपर्यंत रुतलेली. हलेना. मोबाइलला रेंज नाही. ऊन डोक्यावर. माझी बाटली उघडायला गेलो, झाकण फिरेना. दातांनी. चावीने. फिरेना.

चालत निघतो. कॅम्पाच्या टाक्या दिसतात इथून.

२० जुलै

टाक्या दिसतात. चालतोय. त्या तेवढ्याच लांब. मधे कुठेतरी आडवा पडलो होतो. किती वेळ, माहीत नाही. उठलो तेव्हा बरं वाटलं. डोकं हलकं. तहान गेली.

तहान गेली हे चांगलं नाही. मला कळतं. तरी चालतोय.

संध्याकाळ

पोचलो. गेट बंद. अलीला हाक मारली. तो समोर उभा. माझ्या आरपार बघतो. मेसकडे जाणारे लोक कुंपणाशी आले. मी नेहमीसारखा सलाम केला.

सगळ्यांचे हात छातीवर. माना खाली.

जलालचाचा सुद्धा —

म्हटलं कुलथ्याने हुरूब लावला माझ्यावर. एका दिवसात. शिव्या दिल्या, गेट हलवलं. गेट हललं नाही. आवाजही झाला नाही.

नंतर

इथे कुंपणाशी रेंज आहे. फरहानाला फोन लावला. लागला. तिने उचलला. हॅलो, कोन हाय, बोला की. मी सांगत होतो, मिळाला, तो मिळाला, दुवा माग. ती हॅलो हॅलोच करत राहिली. ऐकूच जाईना.

मग कळलं काय ऐकू जाईल. एकच गोष्ट ऐकू जाते इथून. तोंड उघडलं, "अस्सला" पर्यंत आलो —

फोन बंद केला. तिने उत्तर दिलं असतं. आमच्या आईची मुलगी आहे ती.

कुठला वार, माहीत नाही

ऊन लागत नाही. बाटली अजून भरलेली.

बोलायचं नाही. ठरवलंय. दुपार झाली की तोंडातून आपोआप येतं, म्हणून रुमाल कोंबतो. नदीम आणि जुनैद माझ्या बाजूला येऊन बसलेत. ते काही म्हणत नाहीत. त्यांनाही कंटाळा आलाय. कोणी एकदा सलाम घेतला की तोंड मोकळं होतं, मग बोलता येतं, सगळं सांगता येतं. हे मला आता ठाऊक आहे. घेणाऱ्याचं काय होतं तेही. सलाम आधी कोणीही करो, जवाब जुळला की झालं.

फरहाना वाट बघत असेल. एक शब्द माझ्याकडे आहे आणि देता येत नाही.

दुपार

टॅक्सी आली गेटपाशी. पोरगा उतरला. पाठीवर काळी बॅग.

शारीक.

नको. याला कोणी सांगितलं यायला. नको रे —

त्याने अलीला सलाम केला. मोठ्याने. कुलथे बाहेर आले, त्यांना केला. चाचांना केला. आजीने शिकवलंय पोराला. सगळ्यांचे हात छातीवर. तो गोंधळला. एकाने तरी जवाब द्या. चाचा, द्या ना. माणसाचा आहे हा सलाम, जिवंत माणसाचा. तोंडाने द्या म्हणजे तो आत येईल, कुंपणाकडे बघणार नाही —

कोणी देत नाही.

त्याचा सलाम पडलाय तिथे. उन्हात. आणि माझं तोंड — रुमाल दातांत धरलाय, दोन्ही हात वर दाबलेत. जुनैद उठून उभा राहिला. मुलाकडे बघतोय. मी त्याला नको म्हणतोय, मानेने, तुझाच पोर आहे, नको —

रुमालातूनही काहीतरी गेलं असावं. शारीकने बॅग खाली ठेवली. वळला. इकडे. कुंपणाकडे चालत येतोय. "मामू?" म्हणतो. "मामू, तुमीच हाव ना? सलाम मामू."

रुमाल पडला. मी उत्तर देणार नाही. मी उत्तर देणार नाही. मी वाले